"मॅडम, एक दिवस अ‍ॅडमिट दाखवा ना"

आलेलं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत):

वय ३८, एमडी मेडिसिन, एका जिल्ह्याच्या गावी खासगी हॉस्पिटलमध्ये चार वर्षं कन्सल्टंट. पगार फिक्स, पण ओपीडीतून जितके पेशंट अ‍ॅडमिट होतील त्यावर वेगळा इन्सेन्टिव्ह. दर महिन्याच्या मीटिंगला सगळ्या डॉक्टरांचे आकडे स्क्रीनवर लावतात आणि यांचं 'कन्व्हर्जन' (ओपीडीतल्या किती पेशंटना अ‍ॅडमिट केलं तो आकडा) कायम खालून दुसरं. मध्यंतरी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. पहिली, न्यूमोनियाने अ‍ॅडमिट झालेल्या एका पेशंटला शुगर सात वर्षांपासूनची, पण मुलगा हात जोडून म्हणाला की मॅडम दोनच वर्षं लिहा, नाहीतर क्लेम जाईल. यांना दया आली, तसं लिहिलं. कंपनीने जुने लॅब रिपोर्ट शोधून काढले, क्लेम रिजेक्ट केला, आणि आता तेच नातेवाईक म्हणतात अक्षर तर तुमचं आहे. दुसरी, तीन वर्षं यांच्याकडे येणारे एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर काका. कंबर आणि पाय दुखतोय, एमआरआय करायला हवा पण अ‍ॅडमिट करायचं काही कारण नाही. मुलगा म्हणाला एक दिवस अ‍ॅडमिट दाखवा, मेडिक्लेम आहे. इन्शुरन्स डेस्कही म्हणालं करून टाका मॅडम. पहिल्या अनुभवाने पोळलेल्या, म्हणून यांनी "नियमात बसत नाही" सांगून नकार दिला. काका जाताना म्हणाले, "तुम्ही पण त्यांच्यातल्याच झालात." आता यांना वाटतंय की खोटं लिहिलं तरी पेशंट तुटतो, खरं वागलं तरी तुटतो, मग नोकरी सोडून स्वतःचं क्लिनिक टाकावं का? घराचा इएमआय चालू आहे.

डॉक्टर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या काकांच्या वाक्यापाशी थांबले, कारण एकतीस वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस केल्यावर मला एवढं नक्की कळतं की पेशंट तुमच्यावर ओरडला तर त्याचं एवढं काही नसतं पण तो शांतपणे असं काही बोलून उठून गेला की ते रात्री झोपताना आठवतं. तुम्हाला ते लागलंय याचा अर्थ तुमच्यातलं जे शाबूत राहायला हवं ते शाबूत आहे. हे आधी सांगते कारण पुढे मी तुम्हाला थोडं टोचणारंही बोलणार आहे.

तुमच्या पत्रात एक चित्र आहे, एका बाजूला तुम्ही आणि पेशंट, दुसऱ्या बाजूला मॅनेजमेंट आणि विमा कंपनी. आपल्याला सगळ्यांनाच हे चित्र आवडतं. पण बघा ना, शुगरची वर्षं कमी लिहा असं तुम्हाला मॅनेजमेंटने नाही सांगितलं, पेशंटच्या मुलाने सांगितलं. आणि काकांच्या वेळी तर मुलगा, डेस्क आणि हॉस्पिटलचा आकडा तिघंही एकाच बाजूला होते, एकट्या तुम्ही दुसऱ्या बाजूला. म्हणजे दबाव काही फक्त वरून येत नाही, तो पेशंटच्या खुर्चीतूनही येतो, आणि तो जास्त अवघड असतो कारण तो दयेच्या रूपात येतो. तुम्ही लिहिलंय "मी पेशंटच्या बाजूने खोटं लिहिलं". मला वाटतं तुम्ही खोटं लिहिलंत ते पेशंटच्या बाजूने नव्हतं, क्लेमच्या बाजूने होतं. पेशंटची बाजू म्हणजे त्याच्या शुगरची सात वर्षं. उद्या तो दुसऱ्या गावी बेशुद्ध होऊन पडला आणि तिथल्या डॉक्टरने तुमची डिस्चार्ज समरी वाचली, तर दोन वर्षांच्या शुगरवाल्या माणसाच्या किडनीकडे आणि डोळ्यांकडे तो तेवढ्या काळजीने बघेल का?

आता त्या क्लेमचंच घेऊ, कारण इथे एक गोष्ट डॉक्टरांना आणि नातेवाइकांना दोघांनाही माहीत नसते. २०२४ पासून नियम असा आहे की पॉलिसी घेताना जुना आजार सांगितला असेल तर त्यासाठीचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त ३ वर्षं, त्यानंतर तो आजार कव्हर होतो. आणि पॉलिसी सलग ५ वर्षं चालू असेल तर त्यानंतर कंपनीला "तुम्ही आजार लपवला" म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. (आधी ही मुदत ८ वर्षं होती.) पॉलिसी कधीपासूनची ते तुम्ही लिहिलेलं नाही. समजा सहा वर्षांपूर्वीची असेल, तर सात वर्षं असं सरळ लिहिलं असतं तरी त्या माणसाला भांडायला जागा होती. उलट आता केसपेपरवर दोन वर्षं आणि लॅबच्या रिपोर्टवर सात वर्षं, म्हणजे फसवणूक हा शब्द आपणच त्यांच्या हातात दिला. ज्या दयेपोटी तुम्ही लिहिलंत तिनेच त्यांची बाजू कमजोर केली, हे ऐकायला त्रास होईल, पण पुढच्या वेळी कोणी हात जोडले तर तुमच्याकडे "नाही" पेक्षा जास्त काहीतरी असेल, तुम्ही विचारू शकाल की दादा पॉलिसी कधीची आहे, फॉर्ममध्ये शुगर लिहिली होती का, आणा बरं ते कागद.

त्या कुटुंबाचं आत्ता काय करायचं? आधी तुमची जी प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी (डॉक्टरवर दावा झाला तर कामी येणारा विमा) असेल तिथल्या वकिलाशी बोलून घ्या, कारण खोट्या कागदावर सही करणं हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे गैरवर्तन आहे आणि ते हलक्यात घ्यायचं नाही. जुनी नोंद खोडू नका, पान बदलू नका, कोणी कितीही सुचवलं तरी. आजची तारीख टाकून खाली वेगळी नोंद करा की जुने रिपोर्ट पाहिल्यावर शुगरचा काळ सात वर्षांचा दिसतो, आधीची नोंद चुकीची होती. मग त्या मुलाला बोलवा आणि सांगा की मी तसं लिहायला नको होतं, चूक माझी आहे. त्याने विनवणी केली होती हे त्याला आठवण करून द्यायचा मोह होईल, टाळा. त्याला रिजेक्शन लेखी मागायला सांगा, कुठल्या कलमाखाली नाकारलं ते त्यात हवं, आणि क्लेम नाकारण्याआधी कंपनीच्या रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, ती झाली होती का तेही विचारायला सांगा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबईला आणि पुण्याला त्यांची ऑफिसं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. क्लेम मिळेलच असं मी म्हणत नाही, नाही मिळणार कदाचित. त्या बिलातली तुमची स्वतःची फी तुम्ही सोडू शकता, मी असते तर सोडली असती.

मला तुम्हाला एक विचारायचंय. कॅशलेसच्या फॉर्मवर डॉक्टरने भरायचा जो भाग असतो, ज्यात बीपी, शुगर, हृदयविकार कधीपासून ते महिना आणि वर्षासकट लिहायचं असतं, तो तुमच्याकडे कोण भरतं? मी ज्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात शेवटची सहा वर्षं होते तिथे तो डेस्कवरचा मुलगा भरायचा, आरएमओला (वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला) फोनवर विचारून, आणि कन्सल्टंटचा शिक्का त्याच्याच ड्रॉवरमध्ये असायचा. मलाही हे कळायला वर्ष गेलं. एका बाईंच्या फॉर्मवर "बीपी दहा वर्षं" असं लिहून गेलं होतं, खरं तर तिने सांगितलं होतं "दहा महिने". पंधरा दिवस ती बाई आणि तिचा नवरा माझ्या ओपीडीच्या बाहेर बसून होते, आणि मी त्यांना सांगत होते की तो माझा विभाग नाही. तो माझाच विभाग होता की! शिक्का माझा, नाव माझं. त्यानंतर शिक्का मी पर्समध्ये ठेवायला लागले आणि फॉर्म वॉर्डात पेशंटच्या पलंगाशेजारी उभं राहून भरायला लागले, त्याला वाचून दाखवून. चार मिनिटं जातात. त्या चार मिनिटांत पेशंटला पहिल्यांदा दिसतं की हा कागद माझा आहे आणि डॉक्टर माझ्यासमोर तो लिहितेय. आणि विनवणी करणाऱ्यांची विनवणीही कमी होते, कारण सगळ्यांसमोर उघड्यावर खोटं लिहा म्हणायला माणूस लाजतो. सुरुवातीलाच सांगून टाकायचं, काका तुम्ही जे खरं सांगाल ते मी जसंच्या तसं लिहिणार, तुमच्या औषधाला ते लागतं, आणि क्लेमला अडचण आली तर मी माझं पत्र देईन. आणि ते पत्र खरंच द्यायचं. कंपनीकडून "अ‍ॅडमिशनची गरज काय" अशी क्वेरी येते तेव्हा डेस्कने ठोकळेबाज ओळ पाठवण्याऐवजी तुम्ही चार ओळी लिहा, ऑक्सिजन किती होता, ताप किती दिवस, घरी का पाठवता येत नव्हतं. खऱ्या कारणाने अ‍ॅडमिट केलेल्या पेशंटसाठी असं भांडायला तुमच्याकडे बळ हवं असेल तर खोट्या अ‍ॅडमिशनवर सही नसली पाहिजे, नाहीतर तुमच्या सहीची किंमतच राहत नाही.

आता काका. तुमचा नकार बरोबर होता, शंभर टक्के. फक्त तपासण्यांसाठी केलेलं अ‍ॅडमिशन हे जवळजवळ सगळ्या मेडिक्लेम पॉलिसीत बाहेर ठेवलेलं असतं, म्हणजे अ‍ॅडमिट केलं असतं तरी क्लेम फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त, आणि मग एमआरआय अधिक रूमभाडं अधिक नर्सिंग अधिक बाकी सगळं काकांच्या खिशातून. डेस्कला हे माहीत असतं. पण तुम्ही काकांना काय सांगितलंत? "नियमात बसत नाही." हे वाक्य काकांनी आयुष्यभर डेपोच्या खिडकीवर ऐकलं असणार, रजेसाठी, बदलीसाठी, फंडाच्या पैशांसाठी. तीन वर्षं ज्यांना ते आपली डॉक्टर समजत होते त्यांच्या तोंडून तेच वाक्य आलं, आणि ते म्हणाले तुम्ही पण त्यांच्यातल्याच. त्यांना नकार लागला नसेल, ती भाषा लागली असेल. तुम्ही जर म्हणाला असतात की काका, अ‍ॅडमिट दाखवलं तर बिल दुप्पट होईल आणि कंपनी पैसे देईलच असं नाही, मला तुम्हाला त्यात अडकवायचं नाहीये, आपण एमआरआय स्वस्तात कुठे होईल ते बघू, तर तोच नकार त्यांना आपलेपणाचा वाटला असता. मुलाला राग आला असता कदाचित, येऊ दे.

आणि स्वस्तात कुठे होईल हे खरंच बघता येतं. सिव्हिल किंवा जवळचं शासकीय मेडिकल कॉलेज आहे. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना आपल्या राज्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन गेलं की तपासण्यांबद्दलही विचारता येतं. उद्या खरंच ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, ती २०२४ पासून राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली झालीये आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, काकांचा त्रास तिच्या यादीत बसतो का ते योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारता येतं. शिवाय त्यांच्या मेडिक्लेममध्येच अ‍ॅडमिशनच्या आधीच्या तपासण्यांचा खर्च, बहुतेक वेळा ३० किंवा ६० दिवसांचा, धरलेला असतो, तेव्हा पुढे खरंच अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर एमआरआयचं बिल जपून ठेवलेलं उपयोगी पडेल. एवढं सांगायला डॉक्टरला वेळ नसतो हे मला माहीत आहे, पण एका कागदावर छापून ओपीडीच्या टेबलावर ठेवायला काय हरकत आहे? मी ठेवायचे. साध्या झेरॉक्स.

मॅनेजमेंटचं बोलू. तुम्ही लिहिलंय की ते तुम्हाला कधीच थेट "अ‍ॅडमिट करा" म्हणत नाहीत, फक्त आकडे दाखवतात. हो, असंच असतं. स्क्रीनवरचा आकडा काही बोलत नाही पण दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसलेल्या पेशंटकडे बघताना तो डोळ्यांसमोर येतो, आणि आपल्याला कळतही नाही की आपण अर्ध्या निकषांवर त्याला अ‍ॅडमिट केलं. मी हे वरून उपदेश म्हणून सांगत नाही. १९९६-९७ च्या सुमाराला जिल्ह्याच्या गावच्या एका स्कॅन सेंटरमधून दर महिन्याला माझ्याकडे पाकीट यायचं आणि पहिलं दीड वर्ष मी ते घेतलं. माझ्या मनात कायम असं की मी गरज असेल तरच पाठवते, पाकीट आलं काय नाही आलं काय. मग आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला डोकेदुखीसाठी मी सीटी स्कॅनला पाठवलं, रिपोर्ट नॉर्मल आला, आणि त्या महिन्याच्या पाकिटावर त्याचं नाव लिहिलेलं होतं. मावशींनी त्यासाठी उसने पैसे घेतले होते. मी कितीदा स्वतःला विचारलं की पाकीट नसतं तर मी पंधरा दिवस वाट बघितली असती का, आणि उत्तर बहुधा हो असंच आहे. पैसे मावशींना दिले आणि पाकीट बंद केलं. म्हणून मला महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांबद्दल फार आदर वाटतो, त्यांनी २०१३ साली एका डायग्नोस्टिक सेंटरकडून आलेला १,२०० रुपयांचा चेक परत केला आणि वर मेडिकल कौन्सिलकडे तक्रारही केली. मी नुसतं बंद केलं, बोलले नाही.

तेव्हा पहिलं काम, इन्सेन्टिव्ह सोडा. लेखी अर्ज करा की अ‍ॅडमिशनवरचा इन्सेन्टिव्ह नको, जमल्यास फिक्स थोडा वाढवा, नाही वाढवला तरी नको. पैसे कमी होतील, घरी बसून किती कमी होतील ते नवऱ्याबरोबर कागदावर मांडा, बऱ्याचदा भीती जास्त असते आणि रक्कम कमी. दुसरं, एकट्या लढू नका. मेडिसिन आणि छातीरोगवाले मिळून तिघं चौघं तरी तुमच्यासारखं वाटणारे असतीलच, त्यांच्याबरोबर बसून न्यूमोनिया, डेंगी, गॅस्ट्रो अशा नेहमीच्या आजारांसाठी अ‍ॅडमिट कधी करायचं याचे विभागाचे लेखी निकष करा आणि मेडिकल डायरेक्टरची सही घ्या. मग डेस्क किंवा नातेवाईक आले की नकार "मॅडमचा" राहत नाही, विभागाचा होतो. आणि पुढच्या मीटिंगला तुमचेही आकडे घेऊन जा, किती पेशंट पुन्हा तुमच्याकडेच आले, किती जण घरच्यांना घेऊन आले, तुमचे किती क्लेम विनाक्वेरी पास झाले. चांगला मॅनेजर असेल तर त्याला यातलं मोल कळेल, कारण क्वेरी आणि रिजेक्शनने हॉस्पिटलचेही पैसे अडकतात. मॅनेजर लोकही सगळेच वाईट नसतात हो, त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी स्क्रीन लावलेली असते.

क्लिनिकचं म्हणाल तर, स्वतःचं क्लिनिक म्हणजे दबावातून सुटका असं जे तुम्ही धरून चाललाय ते मला तितकंसं पटत नाही. तिथे स्क्रीन नसेल पण कर्ज असेल, लॅबवाले येतील, औषध कंपनीवाले येतील, अ‍ॅडमिट करायचा पेशंट कुठल्या हॉस्पिटलला पाठवता यावर गावातली तुमची नाती ठरतील. तरी मी क्लिनिकच्या विरोधात नाही, मी स्वतः तेच केलं आयुष्यभर. फक्त या महिन्यात, या दुखऱ्या मनाने ठरवू नका. सहा महिन्यांचा इएमआय बाजूला पडेपर्यंत थांबा, तोपर्यंत वर सांगितलेलं करून बघा. आणि एक रेघ आत्ताच आखून ठेवा, की खोट्या कागदावर सही कर असं कोणी लेखी किंवा चारचौघांत सांगितलं, किंवा न केल्याबद्दल ओपीडी कमी केली, तर त्या दिवशी राजीनामा, मग इएमआयचं काय ते बघू. रेघ आधी आखलेली असली की त्या क्षणी धडधड कमी होते. ट्रस्टचं हॉस्पिटल हा मधला पर्यायही बघा, पगार कमी पण आकड्यांची मीटिंग बहुतेक ठिकाणी नसते (माझ्या वेळी नव्हती).

हे वाचणारे बरेचसे पेशंट किंवा त्यांची मुलं-मुली असणार, त्यांच्यासाठी थोडं. पॉलिसी घेताना एजंट फॉर्म भरतो आणि "शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल" म्हणतो, त्याचं ऐकू नका, भरलेल्या फॉर्मची कॉपी मागा आणि स्वतः वाचा, चुकीचं असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवस ती परत करता येते. रूमभाड्याची मर्यादा किती ते बघा, वरची रूम घेतली तर नुसता रूमचा फरक नाही, बिलातल्या बाकीच्या रकमांनाही त्या प्रमाणात कात्री लागू शकते. आपली कागदपत्रं मागा, हॉस्पिटलने ती ७२ तासांत द्यायची असतात. डिस्चार्जला पाच पाच तास लागतात आणि आपण राऊंडला आलेल्या डॉक्टरवर चिडतो, पण मे २०२४ पासून कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तास अशी मुदत विमा कंपनीला आहे, उशिरामुळे वाढलेलं भाडं कंपनीने भरायचं आहे, तेव्हा तिथे विचारा. आणि डॉक्टरांना खोटं लिहा असं सांगू नका हो. "अ‍ॅडमिट व्हायलाच हवं का, घरी राहून काय होईल?" हे मात्र जरूर विचारा, कुठल्याही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.

डॉक्टर, काकांचा नंबर तुमच्या ओपीडीच्या रजिस्टरमध्ये असेल. रिसेप्शनच्या मुलीला सांगू नका, स्वतः फोन करा, दुपारच्या वेळी, मुलगा कामावर असताना. पाय कसा आहे विचारा, बधिरपणा वाढलाय का, लघवीला काही त्रास होतोय का ते विचारा, कारण तसं असेल तर तो एमआरआय थांबवून चालणार नाही आणि मग अ‍ॅडमिशनही खरंच लागेल. एमआरआय कुठे करून घेता येईल ते सांगा, रिपोर्ट घेऊन या म्हणा, मी बघते. "त्यांच्यातल्याच" चा विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर ऐकून घ्या.